नदीपलीकडच्या माई

लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावी आले, तेव्हा घरात एक वाद कायम चालू असायचा. नदीपलीकडे, नंदुरबारच्या बाजूला, माईंचा आश्रम होता. महारोगी, टाकलेल्या बायका, आईबाप गेलेली मुलं, कोणालाही त्या नाही म्हणत नसत. माझे सासरे, म्हणजे आबा, त्यांना देवीच मानत. केळीचा पहिला घड आश्रमात पोचल्याशिवाय घरात कोणी केळ्याला हात लावायचा नाही.

आबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, त्यांना चिडवायचे. "दादा, बाई चांगली शे. पन तिले देव करू नको."

"तू महारोगीना हात धरशी का? तिनी धरा," आबा म्हणायचे.

काका हसून विडी पेटवायचे. संध्याकाळी ओट्यावर कपाशीची बोंडं सोलताना आम्ही बायका हे ऐकायचो. माझ्या नणंदबाई, आक्का, मात्र त्यात कधी पडत नसत. विधवा झाल्यावर त्या आपणहून माईंकडे राहायला गेल्या होत्या आणि एक पावसाळा काढून परत आल्या होत्या. तिथलं कष्टाचं जिणं झेपलं नसेल, असं सगळे धरून चालले होते.

त्या वर्षी माईंना नवी इमारत बांधायची होती. पलीकडच्या काठावरचा आपला मळा द्यायचा, असं आबांनी ओट्यावर जाहीर केलं. तेव्हा आक्कांनी हातातलं बोंड खाली ठेवलं.

"मळा द्या आबा, पन एक गोट आयका. तठे ताप उना ते औषध नही देत. तीर्थ देतस. माई म्हने, दुखनं देवनं देनं शे, सोसा. मन्हा मांडीवर एक पोर गई. आनि माईले सोताले ताप उना, तवय नंदुरबारना डाक्टर उना."

हिवतापाचं कोयनेल तेव्हा टपाल कचेरीत पुडीने मिळायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काका आता काहीतरी टोचून बोलणार असं मला वाटलं, पण त्यांनी मान खाली घातली.  आबा म्हणाले, "मी तिले इचारसू."

आम्ही नावेतून पलीकडे गेलो. आबा, आक्का आणि आक्कांना सोबत म्हणून मी. माई अंगणात एका म्हाताऱ्याचे पाय धूत होत्या. त्याच्या पायाला बोटं उरली नव्हती, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. पट्टी नीट बांधून झाल्यावरच त्या उठल्या. आबांनी आधी माईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग विचारलं.

माई गुजराती वळणाचं मराठी बोलत. "खरं आहे, पाटील. इथल्या लोकांना मी सांगत होते, सोसा, देव बघतोय. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला मरणाची भीती वाटली. डॉक्टर मीच बोलवायला सांगितला."

"मंग त्या पोरले भ्याव नही वाटनं व्हई?" आक्कांनी विचारलं.

"शेवटी काय म्हणत होती ती?" माई म्हणाल्या.

"मायले हाका मारत व्हती."

माई खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत, चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. आक्कांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तू औषध घेऊन ये. मी अडवणार नाही."

परतताना नावेत आबांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "आक्का, तू ऱ्हायनी तठे. तूच सांग, ती संत शे का नही?"

आक्का पाण्याकडे बघत होत्या. "त्या म्हाताराना पाय मी एकदाव धोयात आबा, तं दिवसभर अन्न गयं नही. ती रोज धोस. माले काय सांगता येस?"

आबांनी मळा दिला. पुढच्या पावसाळ्यात आक्का कोयनेल घेऊन पलीकडे गेल्या आणि नंतर दरवर्षी जात राहिल्या. कपाशीची गाडी घेऊन नंदुरबारला गेलं की पुड्या आणायचं काम काकांनी आपणहून उचललं. आबा केळीचा घड पाठवतच राहिले, पण माईंना देवी म्हणणं त्यांनी सोडलं.

माई गेल्यावर त्यांची समाधी झाली. त्यांच्या हाताच्या स्पर्शाने ताप उतरायचा, असं लोक सांगू लागले. आक्कांच्या समोर कोणी तसं बोललं तर त्या म्हणत, "ताप कोयनेलनी उतरे. जखमा ती धोये."

ओट्यावरचा वाद मात्र मिटला नाही. आता काका माईंची बाजू घ्यायचे आणि आबा शंका काढायचे. दोघांचे आवाज चढले की सासूबाई आतून जेवायला हाक मारायच्या. मग ते दोघे उठायचे, हातपाय धुवायचे आणि भांडत भांडतच एका ताटात जेवायला बसायचे. इतक्या वर्षांनी मला त्या घरातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर ते दोघांचं ते जेवण.