पार्बताबाईचा पाहुणा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या गल्लीत पार्बताबाईचं हारफुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा ओटा. त्यावर झेंडूच्या टोपल्या, शेवंती, ओल्या पोत्याखाली गुलाब आणि कडेला पूजेचे नारळ. मागच्या दोन खोल्यांत ती, तिचा मुलगा मनोज आणि सून वर्षाली. बाई साठीच्या पुढची, अंगानं आडवी आणि तोंडानं इतकी फटकळ, की गिऱ्हाईक हाराचा भाव विचारायच्या आधी तिचा चेहरा बघून घेतं. एका बाबतीत मात्र ती जिभेला फार जपते. उंदराचं नाव ती घेत नाही.

नाव घेतलं की तो ऐकतो आणि डूख धरतो, असं तिचं पक्कं मत. मग तो दाणे सोडून कपडे कुरतडतो, तेही नेमके ठेवणीतले. माहेरी हिवरखेडला तिची आई त्याला ‘मामा’ म्हणायची. पार्बताबाईनं लग्नानंतर तोच शब्द अकोल्याला आणला. मग मनोज झाला. मनोजला खरा मामा होता, पार्बताबाईचा पाठचा भाऊ गोवर्धन. आपल्या भावाचं नातं नालीतल्या जनावराला द्यायचं तिच्या जिवावर आलं. तेव्हापासून तिनं ‘मामा’ बंद केलं आणि ‘पाहुणा’ सुरू केलं. घराला ते इतकं अंगवळणी पडलं, की नवी सून वर्षालीसुद्धा महिना व्हायच्या आत "आई, पाहुण्यानं साबण खाल्ला" असं सहज सांगू लागली.

यंदा पावसाळा सरता सरता गोवर्धन मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला आला. त्याची बायको मागल्या वर्षी वारली. मुलगा सुरतेला नोकरीवर, शेत बटईनं दिलेलं, घराला कुलूप. ऑपरेशन झालं, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली संपली, काळा चष्मा सुटला, तरी गोवर्धन बहिणीकडेच होता. भावानं बहिणीकडे साडीचोळी घेऊन यावं, दोन घास खावेत आणि निघावं, ही त्यांच्यातली रीत. असं ठाण मांडून राहायची त्याला लाज वाटत होती. समोरचा चहावाला रोज विचारायचा, "काय पाहुणे, आहे का मुक्काम?" गोवर्धन ओशाळं हसायचा आणि हाराच्या दोऱ्याला गाठ मारायचा. गाठ सैल बसायची. पार्बताबाई तो हार त्याच्या पुढ्यात फेकायची. "देवाच्या गळ्यात जाईपर्यंत तरी टिकन का रे हा?" तो मुकाट्यानं पुन्हा ओवायला घ्यायचा.

खरं म्हणजे तिला तो जायला नको होता. रिकाम्या घरात हा माणूस एकट्यासाठी चूल पेटवणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण ‘राहा’ म्हणून काही तिच्या तोंडून निघालं नाही. फटकळ माणसांचं हे असंच असतं. नको ते शंभरदा बोलतील आणि हवं ते पोटात ठेवतील.

त्यातच दिवाळीच्या तोंडावर घरात उंदीर शिरला. वर्षालीला आधी वाटलं, चिचुंद्री असेल. पार्बताबाईनं नाक वर करून वास घेतला आणि मान हलवली. चिचुंद्रीचा वास लपत नाही, शिवाय ती झुरळं खाते म्हणून या घरात तिला कोणी काही करत नाही. घूस म्हणावी तर कुठं माती उकरलेली नव्हती. मग बाईनं पिठाच्या डब्यामागच्या लेंड्या कागदावर घेऊन उजेडात धरल्या. काळ्या, ओलसर, टोकाला निमुळत्या. "पाहुणाच हाय," ती म्हणाली, "मोठा हाय, आन वरून येऊन राहिला." पत्र्याखालच्या लाकडावर खुडबुड होतीच. दुसऱ्या दिवशी दोन नारळ शेंडीखालून पोखरलेले निघाले.

चिकट पुठ्ठा ठेवला, त्यात एक पाल आणि मनोजची चप्पल अडकली. औषधाच्या वड्यांना बाईनं साफ नकार दिला, कारण तो कुठं सांदीत मरून पडला तर फुलांच्या दुकानात नाक धरून बसावं लागलं असतं. पिंजऱ्यात भजं लावलं. भजं गेलं, दार उघडंच राहिलं. आधीचे उंदीर पिंजऱ्यात सापडले की मनोज त्यांना पुलापलीकडे सोडून यायचा. हा सापडायलाच तयार नव्हता. दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या गोवर्धनला मात्र ‘पाहुणा’ हा घरातला शब्द कोणी सांगितला नव्हता.

एका दुपारी रूपालीचा फोन आला. ही पार्बताबाईची मुलगी, अमरावतीला राजापेठेत दिलेली. अमरावतीपर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी आपलीच आहे, अशा थाटात पार्बताबाई फोनवर बोलते.

"पाहुणा काई जात नाई व," ती आतल्या खोलीतून ओरडली. "खाऊन खाऊन मस्त झाला. आपल्या बापाचंच घर समजून राहिला. मी तं कंटाळली आता. मनोजले सांगतो, पुलापलीकडे नेऊन सोडून दे एकदाचा. दिवाळीच्या आंधी घर मोकळं झालं पायजे."

बोलून झाल्यावर ती जरा आडवी झाली. उठून ओट्यावर आली तर अर्धा ओवलेला हार टोपलीवर पडलेला, सुई झेंडूत खोचलेली, गोवर्धनची पिशवी जागेवर नाही.

"मामा गेले," वर्षाली म्हणाली. "मले वाटलं तुमाले मालूम हाय. म्हणे, बाईले सांग, मनोजले तरास नको, मी माया मीच पूल ओलांडतो."

पार्बताबाईला आपलं बोलणं शब्दाशब्दानं आठवलं. दुकान सुनेवर टाकून, पायात मिळाली ती चप्पल घालून तिनं ऑटो थांबवला.

बस स्टँडवर गोवर्धन पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"चाल घरी," ती म्हणाली.

"गाडी लागली, बाई. जाऊ दे. लई दिवस झाले."

"अरे, ते मी तुले नव्हती म्हणत."

"मंग घरात दुसरा कोण पाहुणा हाय?"

घरापासून इतक्या लांबही तो शब्द पार्बताबाईच्या तोंडून निघेना. कंडक्टरनं हिवरखेडचा पुकारा केला. गोवर्धन उठला.

"उंदीर!" पार्बताबाई ओरडली. "उंदीर रे! उंदीर म्हणत होती मी! उंदीर!"

शेजारच्या बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले. गोवर्धन जागच्या जागी थबकला.

"आई तं मामा म्हणे त्याले," तो म्हणाला.

"मामा तू हाय नं मनोजचा! तुया नावानं त्याले पिंजऱ्यात कोंबू का मी? तुयासाठीच बदलला शब्द. मनोज पाळण्यात होता तवापासून."

गोवर्धननं खाली पाहिलं. "पण बाई, मी पाहुणाच नं. लोकंबी म्हणतात."

"पाहुण्याले कोणी हार ओवाले बसवते का? पाहुण्याले रोज शिव्या देते का कोणी? रूपालीच्या सासऱ्याले मी कधी म्हटलं का, गाठ नीट मार म्हणून?" तिचा आवाज फाटला. "राहा रे बावा. तू नसला तं मले करमत नाई."

गाडी निघून गेली. गोवर्धननं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "डॉक्टरनं पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं," तो म्हणाला आणि तिच्या मागून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाईनं ट्रंकेतली ठेवणीतली साडी बाहेर काढली तर पदराला तळहाताएवढं भोक. मागल्या भाऊबीजेला गोवर्धननंच आणलेली साडी ती.

"आई, तुमी नाव घेतलं?" वर्षालीनं डोळे मोठे केले.

"घेतलं."

"एकदाच?"

पार्बताबाई साडीची घडी घालू लागली. गोवर्धन शिडी घेऊन वर चढला. नव्या डोळ्यांना पत्र्याखालच्या लाकडावर उंदराच्या येण्याजाण्यानं पडलेला तेलकट काळा पट्टा लगेच दिसला, आणि त्याच्या टोकाला भिंतीतली फट. त्यानं तिच्यात फुटक्या काचा कोंबल्या आणि वरून सिमेंट लिंपलं. त्यानंतर खुडबुड ऐकू आली नाही.

भाऊबीजेला पार्बताबाई तीच साडी नेसली, भोक आत दुमडून. ओट्यावर गोवर्धन हार ओवत होता. समोरच्या चहावाल्यानं सवयीनं विचारलं, "काय पाहुणे, आहे का मुक्काम?"

"पाहुणा गेला," पार्बताबाई म्हणाली. "वाट बुजवून टाकली त्याची. हा घरचा हाय."

मग तिनं गोवर्धनच्या हातातला हार ओढून पाहिला आणि गाठ सैल आहे म्हणून परत त्याच्या पुढ्यात फेकला.