तांदळात पुरलेले मोबाइल

मामू गेल्याचं कळवायला मामी फोन करकरून थकली, आणि माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात! मित्र जेवायला आले होते, बोलणं इथल्या सौदी राजघराण्याकडे वळलं होतं. ही सवय मामूंचीच... असला विषय निघाला की, मोबाइलमधून कुणी ऐकू नये म्हणून आधी सगळ्यांचे मोबाइल तांदळात पुरायचे, झाकण घट्ट लावायचे, मग म्हणायचे, "हां, आता बोला." माझ्या आईचा हा भाऊ रत्नागिरीकडचा. जेद्दात, बलदच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत त्यांनी सारी हयात कापड विकलं. आम्ही हसलो की म्हणायचे, "हस बाबा. इथं राहायचा परवाना, इकामा, तुझाही रद्द होऊ शकतो."

एवढा जपून राहणारा माणूस एकदाच चुकला. अबू सालेह हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, इथलाच सौदी. दुकानात कॉफी पिताना तो कुरकुरला, "सरकारात मोठमोठ्या खुर्च्यांवर परदेशी बसवतायत. आमच्या मुलांनी काय करायचं?" मामूंनी मान हलवून विषय संपवावा की नाही? पण जुनी दोस्ती! बोलून गेले, "आज लोक खुर्चीवर चिडतात, उद्या तख्ताबद्दल विचारतील. तुमच्या नातवांच्या वेळी राजे असतील का?" अबू सालेहनं गल्ल्यावर पडलेल्या दोन्ही मोबाइलांकडे पाहिलं, अर्धा कप ठेवला आणि उठला. पुन्हा फिरकलाच नाही.

तेव्हापासून मामूंचा जीव मुठीत. दुकानासमोर गाडी थांबली की हातातली कात्री ठेवून आत पळायचे. "त्यानं तक्रार केली असेल का रे?" मला विचारायचे, तेही डब्याचं झाकण लावून. मी धीर द्यायचो, पण माझीच पाचावर धारण बसलेली. त्यांना उचललं तर माझी नोकरी, पोरांची शाळा... सगळं खलास! डॉक्टर काहीही म्हणोत, मामूंना त्या भीतीनंच खाल्लं.

दफनानंतर अबू सालेह मामूंच्या दारात उभा राहिला तेव्हा मी आधी खिशातला मोबाइल बंद केला. तो मात्र ढसाढसा रडला. मग मला बाजूला घेऊन कुजबुजला, "खरं सांग. खुर्च्यांबद्दल मी बोललो, ते त्यानं कुणाला कळवलं होतं का?"

या अल्लाह! दोघं एकमेकांना भिऊन बसले होते. "नाही," मी म्हटलं. तो घाम पुसत गेला.

इथली नावं मी बदलली आहेत. भीतीच ती, दुसरं काय!

परवा मामीला हे सगळं सांगायला गेलो. ती स्वयंपाकघरात एकटीच होती. "मामी, अबू सालेह काय म्हणाला ठाऊक आहे?" एवढंच बोललो. तिनं तांदळाचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि हात पसरला.

"आधी मोबाइल दे."