गिरीशने न प्यायलेली व्हिस्की

गिरीश वऱ्हाडपांडे आयुष्यात कधी दारू प्यायला नाही. तरी आमच्या मराठी मंडळात कोणालाही विचारा, "पूर्वी खूप प्यायचा बिचारा, पण सुटला," असंच सांगतील. हे कसं झालं ते मला माहीत आहे, आणि आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गिरीश नागपूरचा. इंग्लंडात रीडिंग गावी एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचा, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा आणि जुने इटालियन खुनाचे सिनेमे बघायचा. त्या प्रकाराला जालो म्हणतात. जालो म्हणजे पिवळा. तिकडे स्वस्त रहस्यकथा पिवळ्या कव्हरात निघायच्या म्हणून. या सिनेमांत खुनी दिसत नाही, त्याचे काळे चामडी हातमोजे दिसतात. रक्त ऑइलपेंटसारखं. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. कोणीतरी सुरुवातीलाच नेमकी गोष्ट बघतं, पण तिचा अर्थ चुकीचा लावतं. आणि दर दुसऱ्या सिनेमात कोणीतरी हिरव्या बाटलीतून व्हिस्की ओततं. पूर्वी इथल्या सेन्सॉरने यांची काटछाट केली होती. आता न कापलेल्या डीव्हीडी निघत होत्या आणि गिरीशचं एक अख्खं शेल्फ भरलं होतं. त्याच्या आग्रहाखातर मीही काही बघितले. खून चालू असताना हा म्हणायचा, "अनुप, वॉलपेपर बघ."

दोन हजार चारमध्ये त्याला नागपूरच्याच रश्मीचं स्थळ आलं. फोटो आवडला, मग कॉलिंग कार्डं घेऊन फोन सुरू झाले. महिन्याभरात त्याचं टेस्टिंगमध्ये लक्ष लागेना. "हिच्याशी नाही झालं तर मी करतच नाही," असं तो मला एम-फोर हायवेवर गाडी चालवताना म्हणाला, आणि आमचं वळण चुकलं.

पण मुलीकडचे चौकशी केल्याशिवाय हो म्हणणार नव्हते. रश्मीचे मामा, डॉक्टर कमलाकर, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. ते मुलाचं घर बघायला येणार असं ठरलं आणि गिरीशची तंतरली. त्या डीव्हीडींच्या कव्हरांवर अर्धवट कपड्यांतल्या बायका आणि वस्तरे. मी सगळ्या डीव्हीडी खोक्यांत भरून मिल्टन कीन्सला माझ्या गॅरेजमध्ये नेल्या. शेल्फ पुसायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मामा आले. पोहे खाल्ले, फ्रिज उघडून बघितला, बाथरूमचा नळ सोडून बघितला. मग रिकाम्या शेल्फसमोर उभे राहिले. धुळीत स्वच्छ पट्टे उमटले होते.

"इथे काय होतं?"

"काही नाही."

आपल्याकडे लग्नाच्या मुलाने घाईघाईने हलवलेली वस्तू एकच असू शकते. बाटलीचा ठसा गोल असतो, हे इतकी वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला सुचलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला.

"गिरीश, मी डॉक्टर आहे. माझ्यापासून काय लपवतोस? ओपनली सांग, सोडतो म्हण. बाकी नागपूरचं मी सांभाळतो."

गिरीशने 'नंतर बोलतो' म्हणून मला फोन लावला. मी म्हटलं, "अरे, खरं सांगून टाक ना!"

"काय सांगू? पीत नाही, फावल्या वेळात बायकांचे खून बघतो?"

त्याने मामांना परत फोन करून कबुली दिली. मामांनी ब्रँड विचारला. गिरीशने इटालियन सिनेमातली हिरवी बाटली, तिचं पिवळं लेबल, ग्लासात बर्फ किती, सगळं इतकं बारकाईने सांगितलं की मामा हळहळले. त्याने देवाची शपथ घेऊन दारू सोडली. मामांनी हे नागपूरला कळवलं आणि इथे मंडळातही कौतुकाने सांगितलं. लग्न ठरलं, नागपूरला थाटात झालं.

तेव्हापासून मंडळात त्याच्या हातात कोणीतरी न विचारता ऑरेंज ज्यूस देतं आणि पाठीवर थोपटतं. तोही मान खाली घालून घेतो. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा.

दीडेक वर्षाने त्याला ते असह्य झालं. तो म्हणाला, "रविवारी आम्ही दोघं येतो. रश्मीला सगळं सांगतो आणि डीव्हीडी घेऊन जातो." मी सकाळीच खोकी हॉलमध्ये आणून ठेवली.

जेवणं झाली. गिरीशने घसा साफ केला. "रश्मी, तुला एक सांगायचंय."

तेवढ्यात माझ्या बायकोने, वीणाने, श्रीखंड वाढता वाढता विचारलं, "काय गं, दारूचं सगळं कळूनही तू याला हो कसं म्हणालीस?"

"त्यामुळेच म्हटलं," रश्मी म्हणाली. "किती मुलं बघितली, प्रत्येक जण म्हणायचा, मी टच पण करत नाही. एक तर ते म्हणताना झुलत होता. हा एकटा खरं बोलला. हा कधी माझ्याशी खोटं बोलणार नाही, हे मला तेव्हाच कळलं."

आम्ही सगळे श्रीखंड खात राहिलो.

"तू काय सांगणार होतास?" तिने विचारलं.

गिरीशने एकदा माझ्याकडे बघितलं.

"हेच," तो म्हणाला, "की अजून कधी कधी फार इच्छा होते."

रश्मीने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.