यादीत माझं नाव कसं वर गेलं

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हे बघा बाई, वाटाण्याएवढे. चार-पाच तरी आहेत." मला त्या धुरकट चित्रात काहीच दिसलं नाही. मी मान हलवली.

गॉलस्टोन्स, म्हणजे पित्ताच्या पिशवीत झालेले खडे. दोन वर्षं मी ज्याला वायू म्हणत होते, ओवा चावून दाबत होते, तो हा प्रकार. उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पाठीतून खांद्यापर्यंत जायची, आणि मी टेबलाचा कोपरा घट्ट धरून मुलींना भूगोल शिकवत राहायची. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातलं फोटोचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून फोटोत पिशवी दिसावी यासाठीच्या गोळ्या आदल्या रात्री घेऊन, उपाशीपोटी, बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यावं लागलं होतं.

"ऑपरेशन लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण घाबरू नका, इलेक्टिव्ह आहे."

इलेक्टिव्ह म्हणजे आज नाही केलं तरी चालेल असं ऑपरेशन. हा शब्द पुढे मी इतक्यांदा ऐकला की त्याचा खरा अर्थ मला कळला. माणूस लगेच मरत नाही, एवढाच तो अर्थ. बाकी त्याचं काय होतं, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही.

खाजगीत जाणं आम्हाला झेपणारं नव्हतं. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात दिवाळीनंतर माझं नाव एका जाड रजिस्टरात लिहिलं गेलं. तीन आठवड्यांनी या, असं कारकुनानं सांगितलं. तीन आठवड्यांनी गेले तर म्हणाला, बायकांच्या वॉर्डात पलंग नाही. पुन्हा गेले तर मोठे डॉक्टर दौऱ्यावर. पुन्हा गेले तर भूल देणारे रजेवर. एकदा तर सगळं जुळून आलं होतं, आणि सकाळी एका बड्या घरची सून चिठ्ठी घेऊन आली नि माझ्या पलंगावर तिची गादी पडली.

त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली. आमचे हे एका वकिलांकडे कारकून होते. म्हणाले, "आमच्या साहेबांची चिठ्ठी आणू का?"

"मला वशिला नको," मी म्हटलं. "माझी पाळी आहे, ती मला मिळाली पाहिजे."

मग मी रोज जायला लागले. शाळा सुटली की सरळ दवाखाना. कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहून विचारायची, माझ्या आधी किती, कालपासून किती सरकले, नियम काय आहे, तो कुठे लिहिला आहे. तो मला लांबून पाहिलं की फाइलमध्ये डोकं घालायचा. मला वाटायचं, मी न्यायासाठी लढते आहे.

त्याच व्हरांड्यात एक बाई मला तीन-चारदा दिसली. चाळिशीची, रापलेली, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. बाक रिकामा असला तरी ती खांबाला टेकून उभी असायची. एकदा मी विचारलं, "बसत का नाही?"

"बसता येत नाही ना मास्तरीणबाई," ती म्हणाली. "अंग बाहेर येते. बसलं का लय दुखते."

डॉक्टर याला प्रोलॅप्स म्हणतात, म्हणजे गर्भाशय जागा सोडून खाली येणं. तिचं नाव गयाबाई. चांदूर बाजाराच्या पलीकडच्या खेड्यातली. चिंध्यांची घडी बांधून ती कापूस वेचायला जायची. पाचवं बाळंतपण झाल्यापासून हे असंच, म्हणजे सहा वर्षं.

"मग नाव नाही लिहिलं?"

"पोळ्याच्या आधीच लिवलं. पण दवाखान्याचं कार्ड येते तवा तारीख निघून गेलेली असते. इथं येतो तं म्हणते, तुमी आल्या नाही, नाव काटलं. पुन्हा खाली लिवते. तीनदा झालं. आता कोनाले भांडू? भांडाले थांबलं तं शेवटली मोटार जाते."

मला तिची दया आली. त्याहून जास्त कारकुनाचा राग आला. पण तेव्हाही माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी कारकुनानं मला स्वतःहून हाक मारली. "घ्या बाई, सोमवारी भरती व्हा. तुमचं नाव घेतलं वर."

"वर घेतलं म्हणजे? माझा नंबर आला ना?"

"नंबर कायचा? तुमी रोज येऊन डोकं खाऊन राहिल्या. आता तरी मले सोडा."

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. माझ्या नावापुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रोज येते'. तिथून निघालेला बाण सात-आठ नावं ओलांडून वर गेला होता. त्या ओलांडलेल्या नावांत गयाबाईचं नाव होतं.

माझे कान तापले. चिठ्ठीवाल्या सुनेला मी महिनाभर शिव्या दिल्या होत्या. माझं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, मला लिहिता-वाचता येतं, मला मोठ्यानं बोलता येतं. ही माझी चिठ्ठीच होती.

गयाबाई त्या दिवशीही खांबाला टेकून उभी होती. मी तिचा हात धरून तिला सरळ मोठ्या डॉक्टरांकडे नेलं आणि म्हटलं, "सोमवारचा माझा पलंग हिला द्या."

डॉक्टरांनी तिला आत नेऊन तपासलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "जखमा झाल्यात हिला. आजच भरती करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण बाई, नंबर म्हणजे तुमच्या डब्यातली पोळी नव्हे, वाटेल तिला द्यायला. आज तुम्हाला दया आली. उद्या नाही आली तर?"

माझं नाव पुन्हा मूळ जागी गेलं, आणि मी चिडून घरी आले. चांगलं करावं तरी बोलणी!

दहा दिवसांनी मला सपाटून थंडी वाजली, डोळे पिवळे झाले आणि टांग्यात घालून मला त्याच दवाखान्यात नेलं. कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताच्या पिशवीला आलेली सूज. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर पलंगाशी उभे राहून रागावले. "आधी ताप येत होता का?"

"अधूनमधून. महिनाभर."

"आणि इतके दिवस रोज आलात, नियम विचारलेत, भांडलात. ताप येतो हे एकदा तरी सांगितलंत? मी कुणाला आधी घ्यायचं ते कशावरून ठरवू, आवाजावरून?"

शेजारच्या पलंगावर गयाबाई होती. टाके ओले असूनही तिनं हात लांब करून माझ्या कपाळावरची पट्टी उलटली. "साहेब, आता नका बोलू तिले," ती म्हणाली. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले.

सूज उतरेपर्यंत आणि मग ऑपरेशन होऊन टाके निघेपर्यंत मी दोन महिने दवाखान्याच्या फेऱ्यांत होते. त्या काळात डॉक्टरांनी माझ्याकडून नवं रजिस्टर आखून घेतलं. नाव कधी लिहिलं, त्रास काय, थांबलं तर काय बिघडेल, कामधंदा होतो का, असे रकाने. लांबच्या गावच्या माणसाचं नाव एका कार्डावरून काटायचं नाही. मोटारीच्या ड्रायव्हरकडून किंवा शाळामास्तराकडून निरोप पोचवायचा. चिठ्ठ्या त्यामुळे थांबल्या नाहीत. डॉक्टर बदलून गेल्यावर तर रकाने कधी भरले जातात, कधी कोरे राहतात. अजूनही ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. तरी त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते केवळ खडे काढल्याचे नाहीत.

ज्यांना अशा यादीत थांबावं लागेल त्यांना एवढंच सांगते: पाळी विचारा, पण आधी दुखणं नीट सांगा. लाजू नका, आणि वाढवूनही सांगू नका.

मागच्या वर्षी शेजारीण आली. तिच्या आईला मोतीबिंदू. "तुमची तिथं ओळख आहे, नाव वर घ्यायला सांगा ना." मी दोघींना घेऊन गेले, म्हातारीला काय दिसतं, काय नाही, ते सगळं लिहून घ्यायला लावलं. मग विचारलं, हिच्या आधीच्यांत दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालेलं कुणी आहे का. कारकून म्हणाला, दोघं आहेत. मी म्हटलं, मग आम्ही थांबतो.

शेजारीण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईचं ऑपरेशन पाळी आल्यावर झालं. म्हातारी आता ओट्यावर बसून तांदूळ निवडते आणि मी दिसले की लेकीची नजर चुकवून मला हात करते.