काट्यावरचं कुंकू
उन्हात तापलेल्या गाडीत झेंडूचा वास कोंडला की माझं डोकं आजही फिरतं. अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला बाबांच्या जुन्या गाडीची पूजा झाली आणि आत्याने ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, ते नेमकं मीटरच्या काचेवर! इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा त्याखाली गडप झाला. बाबांनी फडकं उचललं, तशी ती कडाडली, "सणाच्या दिवशी कुंकू पुसतोस? लाज नाही वाटत?" मोठ्या बहिणीपुढे बाबांनी फडकं खाली ठेवलं. सोनं द्यायला आम्ही बदलापूरला निघालो. वाटेत मी म्हटलं, "बाबा, काटा दिसत नाहीये." मागच्या सीटवरून आत्याच बोलली, "काटा कशाला बघायला हवा? देव बघतोय ना!" खरवईजवळ बॉनेटमधून भसाभसा वाफ आली. मी ओढणीने काच पुसली, तर काटा लाल पट्टीच्याही पलीकडे जाऊन टेकलेला. आणि आत्या काय म्हणाली? "तरी मी सांगत होते, लिंबू-मिरची बांधा!" इंजिन गेलं ते गेलंच, वर दोष आमचाच. परवा मी नवी गाडी घेतली. भलीमोठी स्क्रीन, तिच्यावर गाणी, नकाशे, हवामान, सगळं आहे. तो काटा तेवढा नाही. विचारलं तर शोरूमवाला हसून म्हणतो, "मॅडम, आता कोण बघतं? जास्त तापलं की लाल दिवा लागेल ना." अगदी आत्याचाच सूर! निदान तिचं कुंकू पुसता तरी येत होतं.