दाजींनी बाहेर काढलेले टायर

दाजींना शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत. टायर तळहाताने चाचपून तो अजून किती फेऱ्या काढेल हे ते सांगत आणि सहसा चुकत नसत. घरात मात्र चहा गार झालाय की गरम, हे ताईला विचारावं लागे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्याच वशिल्याने मी दाजींच्या संघात गाडीत पेट्रोल भरायला लागलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

दाजींचा धाकटा भाऊ आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी संघात टायरचंच काम बघायचा. त्या दोघांचे आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि दाजींनी हाताला धरून काम शिकवलं. पहिला धडा असा, की टायर तापवून ठेवायच्या पेटीतून एकदा काढला तर तो लावायचाच, उगाच बाहेर गार करायचा नाही. बाकीचे संघ समोरच्याला चकवायला, आता बदलणारच असं भासवत, टायर बाहेर मांडून बसत. दाजींनी बावीस वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. त्या बावीस वर्षांत आम्ही एकदाही पहिले आलो नव्हतो, हेही खरं.

त्या वर्षी आठ तासांच्या शर्यतीतली चाळीस मिनिटं उरली होती. धाकट्याची गाडी अठरा सेकंद पुढे होती. दोन्ही गाड्यांवर एकाच जातीचे, सारखेच झिजलेले टायर, आणि ते शेवटपर्यंत टिकतात की नाही याचा दोघांनाही घोर. बदलायला थांबलं तर पन्नास सेकंद जाणार. म्हणजे जो थांबेल तो हरणार.

मॅनेजर दाजींना म्हणाला, “चार नवे काढून बाहेर उभे राहा. तुमचा भाऊ बघतोय.”

“असले धंदे मी करत नाही.”

मॅनेजर घड्याळाकडे बघू लागला. मला मात्र तोंड आवरलं नाही. “काढा हो दाजी, एकदाच. जन्मभर दुसरेच येणार का आपण?”

दाजींनी टायर काढले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी मघाशी गाडीवरून उतरवलेला जुना टायर पुढे ओढला, त्यावर तळहात फिरवला आणि तीन गॅरेज पलीकडे उभ्या भावाकडे बघून नकारार्थी मान हलवली. हे टायर झिजून संपले, म्हणजे त्याचेही, असं त्याला वाटावं म्हणून.

पुढच्याच फेरीला धाकट्याची गाडी टायर बदलायला आत आली. आमची आलीच नाही. नव्या टायरवर ते फेरीमागे सेकंदभर जवळ येत राहिले, तरी बारा सेकंदांनी आम्हीच जिंकलो. आम्ही लाज सोडून नाचलो.

संध्याकाळी धाकटा आला. “दादा, आमच्या टायरवर अजून तासभर रबर होतं.”

“शर्यत आहे रे,” दाजी म्हणाले.

“हो ना. अभिनंदन.”

त्याच्या संघाने त्याला टायरवरून काढून सामान वाहायला लावलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. हा घरी येत राहिला, ताईच्या हातचं पोटभर जेवत राहिला, दादा दादा करत राहिला. फक्त दाजी काही बोलले की तो दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायचा. अगदी बस किती वाजता सुटते तेसुद्धा. दाजींच्या ते लक्षात येत होतं. एकदा मला म्हणाले, “चषक परत देऊन भागत असतं, तर आत्ता जाऊन दिला असता.”

गेल्या महिन्यात ताईला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी जवळच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. दाजींनी बाकावर बसूनच भावाला फोन लावला, “वहिनीचं काही खरं नाही. असशील तसा निघ.”

मिनिटभरात माझा फोन वाजला. आवाज असा खणखणीत, की शेजारी बसलेल्या दाजींना शब्द न् शब्द ऐकू गेला.

“दादा म्हणतोय ते खरंय का रे?”

टायर काढा म्हणणारा मीच होतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी फोन कानाला धरून दाजींकडे बघितलं.

दाजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “सांग त्याला, खरंय म्हणून. तुझं ऐकून तरी वेळेत येईल.”