गुलाम नबीनं न तोडलेला पाय

हल्ली टीव्हीवर फुटबॉल बघतो तेव्हा माझं डोकं फिरतं. कुणी जरा खांदा लावला की समोरचा तीनदा लोळण घेतो आणि शिट्टी वाजते. आमच्या वेळी लोळणाऱ्याला प्रेक्षकच शिव्या घालून उठवायचे. आम्ही स्टॉकिंगमध्ये वह्यांचे पुठ्ठे खोचून खेळलो, आणि तेही एकाच माणसाच्या धाकानं. तो माणूस म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातला गुलाम नबी, फुलबॅक. मी अमरावतीचा वामन, सेंटर फॉरवर्ड, म्हणजे दर सामन्यात त्याच्या तावडीत सापडणारं हक्काचं गिऱ्हाईक.

बुटका, रुंद गडी. धंदा गाद्या-रजया भरण्याचा. दिवसभर कापूस पिंजून मनगटं अशी झाली होती, की हात मिळवताना आम्ही दोन बोटंच पुढे करायचो. पण त्याचा एक कायदा होता. मागून कधी यायचा नाही. समोरून यायचा, आणि येताना ओरडायचा, "संभाल!" मग आपण आडवे. बगलेत हात घालून तोच उठवायचा, आपल्या सुरईतलं पाणी पाजायचा, "लागलं का बे?" विचारायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा आडवं करायचा. असा सच्चा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

आणि त्याच माणसाचं नाव मी एकोणतीस वर्षं मातीत घातलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. फायनल अमरावतीत, आमच्याच मैदानावर. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून रीत अशी, की सामन्याच्या आदल्या दिवशी यजमान संघानं त्या भेगा बुजवायच्या. प्रत्येक खेळाडूला मैदानाचा एक पट्टा वाटून दिलेला असायचा. खोलवर माती भरायची, पाणी सोडायचं, धुमसानं चोपायचं. चार तास कंबर मोडायची. मला शिंप्याकडून नवी चड्डी आणायची होती. मी माझ्या पट्ट्यातल्या मोठ्या भेगेत कुटार कोंबलं, म्हणजे गुरांचा भुसा, वरून चार बोटं माती पसरली, पाणी शिंपडलं आणि निघालो. दिसायला माझाच पट्टा सगळ्यात झ्याक दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत मी चेंडू घेऊन गोलकडे सुटलो. समोरून आरोळी आली, "संभाल!" गुलाम नबीनं चेंडू साफ काढून घेतला, मला त्याचा स्पर्शही झाला नाही. पण वळताना माझा पाय त्याच भेगेत गेला आणि घोट्याच्या वर काडकन मोडला. लोकांनी काय पाहिलं? गुलाम नबी आला आणि वामन पडला. त्या सामन्यात त्यानं आमचे तिघं आधीच लोळवले होते, मग चौथ्याबद्दल कोण शंका घेणार? दवाखान्यात आमची पोरं भोवती जमली आणि म्हणाली, "त्या हरामखोरानं तोडला ना पाय?" मी मान डोलावली.

बस, एवढंच केलं मी. त्यावर गुलाम नबीला दोन वर्षं बंदी आली. एका गिरणीच्या संघात त्याची निवड पक्की झाली होती, संघाबरोबर नोकरीही. ती गेली. तो पुन्हा रजया भरायला बसला आणि त्याला नाव पडलं, टंगडीतोड.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या खेळाडूंनी सत्काराचा घाट घातला. त्या वर्षांत आमच्याकडे गावोगाव शेतकरी जीव देत होते; चार माणसं एकत्र दिसली की ती कुणाच्या तरी तेरवीला आलेली असायची. कुठल्या गावाहून कोणती बातमी येईल या भीतीनं फोन उचलायला नको वाटायचं. म्हटलं, एकदा तरी हसायला जमू. आमचा जुना कप्तान चंद्रभान सत्कार करायच्या खेळाडूंची यादी घेऊन आला. माझं नाव सगळ्यात वर, गुलाम नबीचं कुठेच नाही.

"त्याले कसं बलवावं?" चंद्रभान म्हणाला. "तू लंगडत स्टेजवर चढशीन अन् तो बाजूच्या खुर्चीवर? बरं दिसते का?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळची एसटी धरून मी अकोल्याला गेलो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो, तर गुलाम नबी ओट्यावर गादी शिवत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. कुटार, चड्डी, डोलावलेली मान, सगळं. त्यानं सुई खाली ठेवली नाही.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तुहा पाय भेगेतून कोणं काढला? म्याच काढला. हातात कुटार आलं होतं माह्या."

"मग नबीभाई, तुम्ही बोलले काहून नाही?"

"माह्यावर कोणं भरोसा ठेवला असता? वाटलं, वामन सांगन. एक महिना वाट पाह्यली. मंग कामाले लागलो."

मला वाटलं, यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात आतून कुलसुमबी, त्याची बायको, चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देऊन तिनं स्पष्ट सांगितलं, "भाऊ, मी लग्न होऊन आली त्याच साली हे नाव लागलं. नळावर बाया म्हणत, टंगडीतोडची बायको आली. इथं सांगून काय फायदा? जिथं नाव गेलं तिथं सांगा."

मी दोघांना सत्काराला घेऊन आलो. राजापेठेतला हॉल भरला होता. माझं नाव पुकारल्यावर मी माइक धरला आणि म्हणालो, "माझा पाय गुलाम नबीनं तोडला नाही. माझ्या चुकीनं मोडला." तर काय, टाळ्यांचा कडकडाट! समोरच्या रांगेतला एक जण म्हणतो, "वा! काय दिलदार माणूस!"

माझी सटकली. मी ओरडलो, "टाळ्या कायच्या वाजवून राहिले? मी मोठेपणा नाही करून राहिलो. मी खोटा हावो! भेगेत माती भराची त कुटार भरलं मी. चंद्रभान, पट्टे तू वाटले होते. उजव्या गोलसमोरचा पट्टा कोणाचा होता? सांग!"

 चंद्रभान बोटांवर पट्टे मोजू लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "याचाच होता," तो म्हणाला आणि हातातली यादी घेऊन खाली बसला.

मग गुलाम नबी सावकाश उठला. माइकसमोर आला, घसा खाकरला. "वामन खरं बोलून राहिला. पाय म्या नाही तोडला. पण शहात्तर साली बडनेऱ्याले याचं नाक म्याच फोडलं होतं. ते माह्या नावावर राहू द्या."

हॉल हसून हसून कोसळला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. बायकांच्या रांगेत कुलसुमबी मात्र हसत नव्हती. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचा हात तिनं धरला होता आणि ती तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "ऐकलं ना बाई? पाय नाही तोडला यायनं. ऐकलं ना?"